रिव्हर्सो ट्रिब्यूट: नव्वदी ओलांडलेल्या आकाराचे आजचे रूप

जुन्या घड्याळाचा आकार पुन्हा बाजारात आणणे सोपे असते. तो आकार ज्या गरजेतून जन्मला ती गरज संपल्यावरही त्याचे प्रयोजन टिकवणे अवघड असते. झेजेर-लकुल्त्र या स्विस घराण्याच्या रिव्हर्सो या डबी उलटवता येणाऱ्या मनगटी घड्याळाने ते साधले आहे, असे माझे मत ‘रिव्हर्सो ट्रिब्यूट मोनोफेस स्मॉल सेकंड्स’ हे पोलादी डबीचे आणि निळ्या तबकडीचे घड्याळ वापरल्यावर पक्के झाले.

या घड्याळाचे मूळ भारतात आहे. १९३०-३१च्या हिवाळ्यात सेझार द ट्रे हे स्विस घड्याळ व्यावसायिक येथे आले असताना, पोलोच्या खेळात घड्याळांच्या काचा फुटतात, अशी तक्रार ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे मांडली. पुण्याच्या लष्कर भागात पोलो पाहिलेल्या कोणालाही ही तक्रार सहज पटेल, कारण त्या धावपळीत चेंडू आणि काठी यांच्यापासून मनगट वाचवणे कठीणच असते. द ट्रे यांनी हा प्रश्न या घराण्याचे प्रमुख जाक-दाव्हिद लकुल्त्र यांच्याकडे नेला आणि रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने मार्च १९३१मध्ये त्याच्या उत्तराचे पेटंट पॅरिसमध्ये दाखल केले: आपल्या बैठकीतच सरकून पूर्ण उलटी होणारी डबी. स्वित्झर्लंडमधील ल सांतिए गावी १८३३पासून कारखाना असलेल्या या घराण्याला चौकोनी डबीत बसणारे स्वतःचे मशीन मात्र लगेच देता आले नाही. पहिल्या रिव्हर्सोंमध्ये ताव्हान या दुसऱ्या स्विस कंपनीचे मशीन होते आणि घरचे मशीन १९३३मध्ये आले.

उलटण्याची क्रिया सावकाश पाहावी अशी आहे. डबीच्या कडेला बोट लावून ती बाजूला सरकवली की एक टोक बैठकीतून सुटते, खाली नक्षीकाम केलेली पाटी दिसते, डबी स्वतःभोवती फिरते आणि पुन्हा सरकून बसताना बारीक ‘टक’ असा आवाज येतो. कुठे ढिलेपणा जाणवत नाही की जोर लावावा लागत नाही. डबीच्या वरच्या आणि खालच्या बाजूस तीन-तीन आडव्या उठावदार पट्ट्या आहेत. १९२०-३०च्या दशकांतील आर्ट डेको या भौमितिक सजावटशैलीची ही खूण आजही तशीच ठेवली आहे आणि ती काढून टाकली तर उरलेला चौकोन कोणत्याही कंपनीचा वाटेल. तबकडीवरचे पैलूदार तासदर्शक खुणा आणि टोकदार डॉफिन काटे उजेड असा पकडतात की संध्याकाळी घरातल्या मंद दिव्यातही वेळ चटकन वाचता येते. सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा आहे. २०११च्या ‘ट्रिब्यूट टू १९३१’ या रिव्हर्सोच्या तबकडीवर जुन्या पद्धतीप्रमाणे केवळ ‘रिव्हर्सो’ असे लिहिलेले होते. माझ्या घड्याळावर कंपनीचे नाव आहे, आणि मला ती जुनी तबकडी अधिक भावते.

हे घड्याळ मधल्या काळात जवळजवळ संपले होते. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत स्विस कारखाने हादरत असताना, १९७२मध्ये जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कारखान्यात पडून असलेल्या सुमारे २०० रिकाम्या डब्या मागून घेतल्या, त्यांत मशीन बसवले आणि ती घड्याळे हातोहात खपली. खरा बदल १९८५मध्ये झाला. अभियंते दानिएल व्हिल्ड यांनी डबीची रचना नव्याने केली, सुट्या भागांची संख्या ५०च्या पुढे नेली आणि पाण्यापासून संरक्षण दिले, तरीही बाहेरून पाहणाऱ्याला फारसे काही बदललेले जाणवले नाही. नव्याने घडवूनही ओळख शाबूत ठेवण्याचा हा संयम मला या घराण्याची सर्वांत मोठी कमाई वाटतो. १९९४च्या ड्युओफेस या रिव्हर्सोने एकाच मशीनवर दोन्ही बाजूंना तबकडी दिली, म्हणजे काच वाचवण्यासाठी शोधलेल्या पाठीला दुसरे काम मिळाले. ही कल्पना आकाराच्या स्वभावाला धरून आहे. २०२१च्या क्वाड्रिप्टिक या रिव्हर्सोमध्ये चार दर्शनी बाजू आणि ११ गुंतागुंतीच्या सोयी आहेत. त्या कौशल्याला दाद द्यावीच लागते, पण रोज मनगटावर बांधायचे घड्याळ ते नव्हे.

माझ्या मोनोफेसला, म्हणजे एकाच तबकडीच्या घड्याळाला, सपाट पोलादाची पाठ आहे. तीवर नाव, तारीख किंवा मोडी लिपीतील एखादे अक्षर कोरून घेता येईल. १९३०च्या दशकात भारतीय स्त्रीचे मीनाकारीतील चित्र असलेली रिव्हर्सोही घडली होती. माझी पाठ मी कोरीच ठेवली आहे. त्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक ओरखडे लवकर उमटतात, हे मात्र खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

आत हाताने किल्ली देण्याचे कॅलिबर ८२२ हे मशीन आहे आणि त्याची चाल ४२ तासांची. शनिवारी सकाळी किल्ली देऊन ठेवून दिले तर सोमवारी सकाळी ते बंद सापडते, म्हणून रोजची किल्ली अंगवळणी पडलेल्यांनाच ते सोयीचे ठरेल. पाणीरोधकता ३० मीटरची सांगितली जाते. ती हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतीच समजावी. जुलै महिन्यात सिंहगड रस्त्याने दुचाकीवरून जाणाऱ्याने, विशेषतः कातडी पट्टा असताना, हे घड्याळ घरी ठेवणेच योग्य. किंमत लाखांच्या घरात असल्यामुळे सर्व्हिसिंगही अधिकृत ठिकाणीच करावे लागते, आणि तो खर्च व लागणारा वेळ आधीच विचारून घ्यावा. पेठेतला घड्याळजी कितीही हुशार असला तरी या डबीचे सुटे भाग त्याच्याकडे असण्याची शक्यता कमी आहे.

डबीची लांबी ४५.६ मिमी आणि रुंदी २७.४ मिमी असली तरी जाडी ८.५ मिमीच असल्याने ती शर्टाच्या बाहीखाली सहज सरकते. बारीक मनगटावर मात्र तिची टोके बाहेर डोकावतात. अशा ग्राहकांनी ४०.१ मिमी लांबीचे रिव्हर्सो क्लासिक मीडियम अवश्य बांधून पाहावे आणि दोन्ही घड्याळे मनगटावर असतानाच उलटून मग निर्णय घ्यावा.