बेळगावातली मोडी लिप्यंतर सेवा: वाचन चोख, सनाचा हिशेब तपासून घ्या

बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या जुन्या घरांत दत्तकपत्रं, वतनाचे कागद मोडीत पडून आहेत. शहरातल्या एका सेवेकडून करून घेतलेली लिप्यंतरं मूळ कागदांशी ताडून पाहिली. वाचन उत्तम. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. तरी नावं, गावं बरोबर लागलीत. स्कॅन पाठपोट करतात आणि उजेड बाजूनं टाकतात, त्यामुळं फिकट शाईही उठते.

गोची सनात आहे. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, अरबी शब्दांत लिहितात. ‘खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५०. इसवी सन काढायला मृग नक्षत्रापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिना मुसलमानी, म्हणजे दरवर्षी सरकणारा असतो, म्हणून जंत्री (तारखांचं कोष्टक) उघडल्याशिवाय हे ठरत नाही. ही सेवा मात्र सरसकट ५९९ मिळवते. याच सनात शाहू छत्रपती वारले, १५ डिसेंबर १७४९ ला, आणि याच सनात रामराजे साताऱ्याच्या गादीवर बसले, जानेवारी १७५० मध्ये. ५९९ धरले तर शाहू हयात असतानाच रामराजे छत्रपती होतात! ज्यांना आधी नातू म्हणून पुढं आणलं त्यांनाच ताराबाईंनी नंतर तोतया ठरवलं. त्या घोळात ही भर नको.

दत्तकपत्रात तर सगळं तारखेवरच असतं. १८२४ मध्ये कित्तूर संस्थानचं दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे यानं मानलं नाही, ते राजाच्या हयातीत झालं का हाच संशय घेऊन.

दुसरी चूक जास्त गंभीर. एका पानावर कसर लागून दोन-तीन अक्षरं गेली होती. टाइप केलेल्या प्रतीत तिथं ‘औरस’ बसवलंय, आणि भरल्याची खूण कुठंच नाही. पुढं ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) दिसलं म्हणून हा अंदाज केला असणार. पण दत्तकाच्या नावापुढंही दत्तक बापाचंच नाव ‘बिन’ लावून येतं. एवढ्या एका शब्दानं वंशावळ बदलते.

काम द्यायला हरकत नाही, पण आधीच सांगून ठेवा: ओळीला ओळ हवी, गेलेल्या अक्षरांच्या जागी रिकामा चौकटी कंस हवा, सनाचे मूळ शब्द इसवी तारखेशेजारी तसेच हवेत. कोर्टासाठीचं कन्नड भाषांतर याच देवनागरी प्रतीवरून होतं, तेव्हा ती मूळ कागदाशी ताडल्याशिवाय पुढं देऊ नका.