रेव्हनहर्स्टचा वाडा: भुताआधी मालक बघा

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि फडताळातून नेमकी स्ट्रिप काढून द्यायची, हेच माझं काम. मग रात्री जेवणं आटपल्यावर मी कॉम्प्युटरवर पुन्हा यादी वाचून वस्तूच शोधत बसते, याचं आमच्या ह्यांना नवल वाटतं. त्यांचं म्हणणं, दुकानात निदान पैसे तरी मिळतात. पण दुकानातल्या फडताळावर सगळं अक्षरवार लावलेलं असतं. इथं कात्री झुंबराला लटकलेली असते आणि घुबड सोफ्याच्या नक्षीत बसलेलं असतं. शिवाय वाडा पछाडलेला.

अशा खेळांना हिडन ऑब्जेक्ट गेम म्हणतात. खच्चून भरलेल्या खोलीचं एक चित्र असतं, खाली वस्तूंची यादी असते, दिसेल त्या वस्तूवर माउसनं टिचकी मारायची. अधेमधे कोडी आणि कुलपं. बंदुका नाहीत, धावाधाव नाही, बोटांची चपळाई लागत नाही. म्हणून माझ्यासारख्या पन्नाशीकडे निघालेल्या बायकांना हे खेळ बरे पडतात, आणि ते बनवणाऱ्यांनाही ते पक्कं ठाऊक असावं. या प्रकारातले बरेच खेळ मी पाहिलेत. त्यातल्या ‘मिस्टरी केस फाइल्स’ मालिकेतल्या रेव्हनहर्स्टच्या भागांबद्दल लिहिते, कारण भुताटकीचे खेळ पुष्कळ आहेत, पण रेव्हनहर्स्टची भीती मला खरी वाटते.

मालिका अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्सची. पहिला भाग ‘हंट्सविल’ २००५ सालचा. तो साधा, गावातल्या गुन्ह्यांचा. पुढच्या वर्षी ‘प्राइम सस्पेक्ट्स’ आला आणि त्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, ‘रेव्हनहर्स्ट’. आपण गुप्तहेर असतो. इंग्लंडची राणी आपल्याला ब्लॅकपूलच्या एका ओसाड वाड्यात पाठवते आणि तिथं एमा रेव्हनहर्स्ट नावाच्या बाईच्या डायरीची फाटलेली पानं गोळा करायची असतात. ब्लॅकपूल हे खरं तर एके काळी लँकशायरच्या गिरणी कामगारांचं सुट्टीचं गाव. समुद्रकिनारा, १८९४ सालचा लोखंडी टॉवर, शरद ऋतूतली दिव्यांची रोषणाई. अशा जत्रेच्या गावात हा वाडा बसवलाय. खेळात त्या मौजेचा मागमूस दिसत नाही. किनाऱ्यावरची एखादी खोली तरी ठेवायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं.

गोष्ट अशी. एमा अमेरिकेहून शिकवायला आलेली. चार्ल्स डॅलिमार नावाचा गृहस्थ तिच्या मागे लागतो, लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते. नंतर ती आजारी पडते आणि हा तिची शुश्रूषा करतो म्हणे. तिच्या नावानं बांधलेला वाडा, तिच्यासाठी सजवलेल्या खोल्या, आणि ती आतच. डायरीची पानं जुळत जातात तसतसं आपल्याला तिच्याआधी कळायला लागतं की हे आजारपण काही सरळ नाही.

माझ्या शेजारी खुर्ची टाकून सासूबाई बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. इंग्रजी त्यांना येत नाही, मी यादी मराठीत वाचून दाखवते आणि त्या पडद्यावर बोट ठेवतात. मग तो डाग मी पुसते. त्यांचं माहेर सतारमेकर गल्लीलगत, त्यामुळे व्हायोलिन कुठंही दडवलेलं असो, त्यांना आधी दिसतं. एमाची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, तिनं नाही म्हटल्यावर ह्यानं घर बांधलंच कशाला? आणि बांधलं तर बांधलं, दाराला एवढी कुलपं कुणासाठी?”

या खेळाचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. कारण रेव्हनहर्स्टची खरी ओळख म्हणजे त्याची दारं. यादी संपवणं हा अर्धाच खेळ. पुढं एक दार येतं आणि त्याच्यावर चाकं, दांडे, साखळ्या, गोळ्या आणि काटे यांचं असं काही यंत्र बसवलेलं असतं की बघतच राहावं. एक दांडा ओढला की गोळी घरंगळते, ती एका पाळण्यात पडते, पाळणा खाली जातो, तिसरीकडे झाकण उघडतं. काय करायचं ते कुठंही लिहिलेलं नाही. ओढून बघायचं, फिरवून बघायचं. आजकालच्या खेळांत कोड्याशेजारी ‘सोडून पुढं जा’ असं बटण असतं. ते दाबलं की आपलं आपल्यालाच हलकं वाटतं. इथं दार सोडवल्यावर जो खटका वाजतो, तो ऐकून सासूबाई टाळी देतात. खेळताना ही दारं फक्त अवघड वाटतात. नंतर भांडी विसळताना लक्षात येतं, की एका आजारी बाईला कोंडण्यासाठी कुणीतरी एवढं डोकं चालवलंय. पांढऱ्या साड्या आणि मोकळे केस दाखवणाऱ्या दहा खेळांत मिळून तेवढी भीती नाही.

वस्तू शोधण्याबद्दल थोडं सांगते, कारण नवीन माणूस इथंच कंटाळतो. यादीतलं नाव वाचून चित्रभर नजर फिरवत सुटलं तर डोळे दुखण्याशिवाय काही होत नाही. दुकानात मी औषधाचं नाव शोधत नाही, खोक्याचा आकार आणि पट्टी शोधते. तसंच इथं. रंग मनातून काढून टाकायचा, कारण चित्रकारानं रंगच फसवायला वापरलेला असतो. किल्ली लाकडी चौकटीच्या रंगाची केलेली असते, साप पडद्याच्या चुणीत मिसळलेला. बाह्याकृती धरायची. आधी कडा बघायच्या, मग छताजवळचा भाग, मध्यभाग सगळ्यात शेवटी, कारण मध्यभागी डोळा आपोआप जातोच. आकारमानावर विश्वास ठेवायचा नाही. हत्ती बशीएवढा असू शकतो आणि टाचणी हातभर. आणि यादीत बॅट लिहिलं असेल तर चेंडू मारायची की उडणारी, ते दोन्ही मनात धरून बघायचं. असे चकवे ही मंडळी मुद्दाम ठेवतात.

रेव्हनहर्स्टच्या पहिल्या भागात यादी दर वेळी बदलते, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळतानाही तीच खोली नवी लागते. पण घड्याळ आहे. दिलेल्या वेळात वस्तू मिळाल्या नाहीत तर ती केस पुन्हा पहिल्यापासून. मदतीच्या खुणाही मोजक्याच. तरुण मुलांना हे आवडत असेल. आमच्या घरी घड्याळ चालू झालं की सासूबाईंचं बोट थरथरतं आणि मला त्यांच्यावर खेकसावंसं वाटतं, तेव्हा त्या भागाला मी यासाठी गुण कापते. शिवाय खोल्यांमधल्या वस्तूंना खोलीशी देणंघेणं नाही. न्हाणीघरात टाइपरायटर, स्वयंपाकघरात नांगर. चित्र सुंदर, पण घर कुणी वापरत होतं असं वाटत नाही. एमा दिसते ती डायरीत. खोल्यांत ती फारशी नाही.

ही उणीव २००८ च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’नं भरून काढली, आणि माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत चांगला भाग. घड्याळ गेलं. आता आपण वाड्यात खरोखर फिरतो, एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून खाली. एका ठिकाणी सापडलेली वस्तू बरोबर घेऊन भलत्याच ठिकाणी वापरायची असते, म्हणून वाड्याचा नकाशा डोक्यात तयार होत जातो. एमाची सुटका झाली तरी वाड्यात आणखी तीन जीव अडकलेले आहेत असं कळतं. रोझ सॉमरसेट आणि तिच्या जुळ्या मुली, शार्लट आणि ग्वेंडोलिन. म्हणजे एमा एकटी नव्हती. हे कळतं त्या वेळी मी माउसवरचा हात काढून घेतला होता. ज्या माणसाला आपण वेडा प्रियकर समजत होतो, तो पद्धतशीरपणे माणसं साठवणारा निघतो. कशासाठी साठवतो ते शेवटी कळतं, इथं सांगत नाही.

दारं इथंही आहेत आणि पहिल्यापेक्षा वरचढ आहेत. काही मात्र उगाच ताणली आहेत. एखाद्या यंत्रात आपण काय करतोय हे कळल्यानंतरही तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावतात, तिथं कोडं संपून हमाली सुरू होते. संगीताला मात्र शंभर गुण. मोठा आवाज करून दचकवणं जवळजवळ नाही. लाकूड कुरकुरतं, कुठंतरी कुणी पुटपुटतं, आणि आपण कान लावून बसतो. हा खेळ हेडफोन लावून खेळावा. आम्ही दोघी असल्यामुळे ते जमत नाही, मग खोलीतला पंखा बंद ठेवतो. उन्हाळ्यात हे किती कठीण आहे ते मिरजेच्या माणसालाच विचारा.

यानंतर २०११ चा ‘एस्केप फ्रॉम रेव्हनहर्स्ट’. तो घेताना विचार करा. इथं वस्तूंच्या याद्याच काढून टाकल्या. त्याऐवजी चित्रातल्या काही वस्तू हळूच रूप पालटतात, डोळ्यासमोर बाटलीची मेणबत्ती होते, आणि पालटताना त्यांना पकडायचं. कल्पना वाईट नाही, दोन-चार खोल्यांना मजा येते. पण यादी वाचणं, एकमेकींना सांगणं, “दिसलं का?” “तुम्हाला दिसलं असेल तर सांगू नका हं,” हे सगळं गेलं. दोघींनी मिळून खेळण्याचा खेळ एकटीनं टक लावण्याचा झाला. सासूबाई पहिल्याच रात्री उठून झोपायला गेल्या.

आणि भीतीचं रूपही बदललं. चार्ल्सचं अख्खं आयुष्य, अगदी जन्मापासून, यांत्रिक पुतळ्यांकरवी दाखवलंय. त्याचा मुलगा व्हिक्टरही येतो. चित्रकाम उत्तम आहे, मेहनत दिसते, पण ते बघताना भीती वाटत नाही, किळस येते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन भागांत चार्ल्स जवळजवळ दिसतच नाही, फक्त त्याची कुलपं दिसतात, म्हणून तो मोठा वाटतो. इथं त्याचं बालपण उलगडून दाखवलं आणि तो एक बिचारा, बिघडलेला पोर झाला. मला त्याचं बालपण नको होतं. लहान मुलं शेजारी बसणार असतील तर हा भाग लावूच नका. पहिले दोन दहा-बारा वर्षांच्या मुलांना चालतात, माझी भाची खेळली आहे.

एकच वस्तुशोध आणि एकच वाडा किती चालवायचा, हा प्रश्न बनवणाऱ्यांनाही पडला असणार. २०१५ मध्ये पुन्हा ‘की टू रेव्हनहर्स्ट’ आणि ‘रेव्हनहर्स्ट अनलॉक्ड’ असे दोन भाग आले. तोवर मालिका दुसऱ्या स्टुडिओकडे गेली होती. चकचकीत आहेत, खेळायला सोपे आहेत, प्रवासात वेळ छान जातो. एमाच्या डायरीची शाई मात्र त्यात उरलेली नाही.

आता घेण्याबद्दल. बिग फिशचे खेळ आधी तासभर फुकट खेळून बघता येतात, ही त्यांची जुनी पद्धत मला फार आवडते. तासाभरात आपल्याला हे झेपतंय का ते नक्की कळतं. जुने भाग स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातही मिळतात. नव्या खेळांत कलेक्टर्स एडिशन असं महागडं रूप असतं. त्यात एक जादा प्रकरण, भिंतीवरची चित्रं आणि उत्तरांची वही असते. जादा प्रकरण सहसा मूळ गोष्टीला चिकटवलेलं शेपूट असतं, साधी आवृत्ती पुरते. ‘फुकट पूर्ण गेम’ अशी पाटी लावलेल्या साइटवरून काही उतरवून घेऊ नका. खेळाबरोबर काय काय घरात येतं ते नंतर कळतं, आणि ते कुठल्याही यादीत नसतं.

एक तांत्रिक बाब. रेव्हनहर्स्टचे पहिले दोन भाग चौकोनी मॉनिटरच्या जमान्यातले आहेत. आजच्या रुंद पडद्यावर चित्र ताणलं तर वस्तूंचे आकार बिघडतात आणि आकार धरून शोधण्याची माझी सगळी युक्ती बाद होते. सेटिंगमध्ये जाऊन खिडकीत चालवा, चित्र लहान दिसलं तरी चालेल. गोष्टीचा क्रमही पाळा. ‘रेव्हनहर्स्ट’ न खेळता ‘रिटर्न’ लावला तर कोडी सुटतील, पण एमा कोण ते माहीत नसल्यामुळे त्या तिघींचं काही वाटणार नाही. मधला २००७ चा ‘मॅडम फेट’ जत्रेतला आहे. भविष्य सांगणाऱ्या बाईला स्वतःचंच मरण दिसतं, अशी गोष्ट. तो सोडला तरी चालेल असं वाटतं, पण त्याच्या शेवटात चार्ल्सचा धागा आहे, म्हणून खेळून घ्या.

आमच्याकडे सध्या २००९ चा ‘डायर ग्रोव्ह’ सुरू आहे. बर्फात अडकलेलं गाव, हरवलेले विद्यार्थी, त्यांनी मागे टाकलेल्या व्हिडिओ टेप, आणि त्यात खरे नट-नट्या. सासूबाईंना खरी माणसं दिसली की पात्रांशी बोलावंसं वाटतं. त्यातल्या एका मुलीला त्या रोज सांगतात, एवढ्या थंडीत स्वेटरची बटणं लाव म्हणून.