व्हेंटो घेऊन रिमॅप, सरळ ऑक्टाव्हिया, की जुनी ३२०डी? सातारा-शिरवळ रोज करणाऱ्यासाठी

मावसभावाचा रात्री साडेदहाला फोन. "दादा, व्हेंटो डिझेल मिळतीय, एकहाती गाडी. घेतो आणि पुण्यातनं रिमॅप करून आणतो. ऑक्टाव्हियाएवढी पळेल, पैसे वाचतील." (रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून ताकद वाढवणं.) पाच मिनिटांनी त्यानंच एक फोटो पाठवला, जुन्या बीएमडब्ल्यू ३२०डीचा. खाली लिहिलेलं, "आणि ही त्याच पैशात!!"

त्याचं घर साताऱ्यात शाहूपुरीत, नोकरी शिरवळला. जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटरच्या आसपास, महिन्याला तीन हजार. माझ्याकडं सहा वर्षं ऑक्टाव्हिया २.० टीडीआय मॅन्युअल आहे, त्यामुळं मी काही निष्पक्ष पंच नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या तिन्ही गाड्या त्याच रस्त्यावर चालवल्यात, आणि दोन गाड्यांच्या खाली वाकून बघितलंय.

एक गोष्ट पहिल्यांदा. तुमचं रोजचं जाणं-येणं पोवई नाका ते एमआयडीसी एवढंच असेल, तर यातली एकही घेऊ नका. डिझेल इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येतं. ईजीआरमध्ये, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी साठत जाते, आणि ज्या गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे तिचा तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला सलग मोकळा रस्ता मागतो. तो तुम्ही कधी देणारच नाही. गावातल्या गावात पेट्रोल बरं. शिरवळ, कराड, कोल्हापूर असं रोजचं किंवा आठवड्याचं पळणं असेल, तरच पुढं वाचा.

कागदावरचे आकडे असे. व्हेंटोचं १.५ टीडीआय, २०१४ साली आलं, १०५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), पुढं ११० झाले. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २५० न्यूटन मीटर. हे इंजिन फोक्सवॅगननं भारतासाठी बनवलं आणि गाडी चाकणला तयार व्हायची. ऑक्टाव्हिया २.० टीडीआयला १४३ पीएस आणि ३२० न्यूटन मीटर. ही संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. ३२०डी म्हणजे आपण एफ३० पिढीचीच धरू, भारतात २०१२ ला आली: १८४ पीएस, ३८० न्यूटन मीटर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि ढकलणारी चाकं मागची. व्हेंटो आणि ऑक्टाव्हियाचं डिझेल एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर इथं बंदच झालं. म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता बऱ्यापैकी जुनी आहे. त्यामुळं शोरूमच्या जाहिरातीतला फरक विसरा. आधीच्या मालकानं काय केलं आणि काय केलं नाही, सगळा फरक त्यात आहे.

रस्ता बघू. सकाळी पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा आणि त्याच्या पुढचं ते उतारावरचं एस वळण. तिथं ताकद कामाची नाही. टायर, ब्रेक आणि स्टिअरिंगवरचा विश्वास कामाचा. संध्याकाळी घाट चढायचा. पुढं कंटेनर, त्याच्या शेजारी दुसरा कंटेनर, दोघांची शर्यत ताशी वीसनं. अशा वेळी व्हेंटो मॅन्युअल वाटते त्यापेक्षा बरी वागते, कारण तिचा पूर्ण टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच मिळतो. माझी ऑक्टाव्हिया १,७५० च्या खाली झोपलेली असते. दुसरा गिअर टाकावाच लागतो. पण जागा मिळाली आणि ती जागी झाली, की दोन्ही कंटेनर आरशात. व्हेंटोला त्यासाठी मोकळी जागा लांबलचक लागते. ३२०डीला काहीच करावं लागत नाही. पाय दाबला, गिअरबॉक्सनं स्वतःच दोन गिअर खाली घेतले, झालं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी येईपर्यंत मी गप्प होतो.

डिझेलच्या पैशांवरून मात्र निर्णय घेऊ नका. व्हेंटो हायवेला अठरा देते असं धरा, ऑक्टाव्हिया सोळा. तीन हजार किलोमीटरला फरक पडतो वीस लिटरचा. आजच्या नव्वदच्या घरातल्या दरानं महिन्याला अठराशे रुपये. एका टायरला फुगा आला आणि तो बदलायचा म्हटलं तर चार-पाच महिन्यांची ती बचत एका खड्ड्यात जाते.

आता रिमॅप. भावाचा सगळा हिशेब त्यावरच उभा होता, म्हणून इथं जरा थांबतो.

टर्बो डिझेलमध्ये ताकद वाढवणं खरंच सोपं आहे. ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या, नकाशात डिझेल जास्त सोडायचं, टर्बोचा दाब वाढवायचा, टॉर्कवर कंपनीनं घातलेली मर्यादा वर सरकवायची. लॅपटॉप जोडून दोन तासांत काम होतं, आणि पहिल्या दिवशी गाडी बदलल्यासारखी वाटते. पण लॅपटॉपनं फक्त इंजिन बदलतं. क्लच तोच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं झटके शोषणारं जड चाक) तेच, गिअरबॉक्स तोच. व्हेंटोचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, कोरड्या क्लचचा. त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर, आणि इंजिन मुळातच २५० देतं. शिगेपर्यंत भरलेली गाडी ती, वर आणखी पोतं टाकायला जागा नाही. त्यातून घाटात जाम लागला आणि गाडी तासभर रांगत राहिली, की तो कोरडा क्लच तापतो, तेही रिमॅप न करता. ऑक्टाव्हियाच्या डिझेलला सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीक्यू२५० आहे, त्याची मर्यादा ३५० च्या आसपास. मूळ ३२० साठी हात राखून आहे, पण पहिल्या टप्प्याचा रिमॅपच ती रेघ ओलांडतो. ३२०डीचा आठ गिअरचा झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स ४५० पर्यंत सोसतो. थोडक्यात, जिला रिमॅपची गरज सगळ्यात कमी, तिच्याकडंच त्याची जागा सगळ्यात जास्त.

"पण मी मॅन्युअल घेतोय ना," भाऊ म्हणाला. त्याला मी ऑफिसातल्या एकाची गोष्ट सांगितली. त्याचीही व्हेंटो मॅन्युअल, रिमॅप केलेली. आम्ही पावसाळ्यात कासला निघालेलो, चौघं गाडीत. यवतेश्वरच्या चढाला त्यानं तिसऱ्यात पाय दाबला. काटा २,४०० वरून ३,२०० वर सरकला आणि गाडीचा वेग होता तेवढाच. आधी मला वाटलं रस्ता ओला आहे, चाक फिरलं असेल. मग आत वास आला, जळक्या ब्रेकसारखा, पण जरा गोडसर. क्लच घसरत होता. त्यानं पाय उचलला, क्लचनं पकडलं, पुन्हा दाबला, पुन्हा काटा एकटाच वर. कासपर्यंत आम्ही म्हातारीला घेऊन चालल्यासारखे गेलो. रिमॅप करणाऱ्यानं त्याला क्लचचं काही सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं. पुढं क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील तिन्ही बदलावी लागली. रिमॅपला गेले त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे तिथं गेले. आमच्या मेकॅनिकनं जुनी प्लेट हातात देत एवढंच विचारलं, "इंजिनाला खुराक वाढवला, क्लचला काय वाढवलं?"

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. डीपीएफ काढून टाकणं, मोकळा सायलेन्सर, सगळं यात येतं. "रिमॅप कुणाला दिसत नाय" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. चौकात दिसत नसेलही, पण मोठ्या अपघाताच्या क्लेममध्ये विमा कंपनीला नाही म्हणायला एक कारण तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेलं असतं.

मग मी गाडीत काय केलं? चार चांगले टायर, मूळच्याच २०५/५५ आर१६ मापाचे. मोठी अलॉय आणि पातळ टायर घालणाऱ्यांना मेढा रस्त्यानं एकदा महाबळेश्वरला जाऊन यायला सांगा. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. पुढचे लोअर आर्मचे बुश आणि चारही शॉकअप, कारण ऐंशी हजारांनंतर गाडी वळणात कुल्ले हलवायला लागली होती. इंजिनाखाली धातूचं गार्ड. आणि हेडलाइटच्या पिवळट पडलेल्या काचा घासून पॉलिश केल्या. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त, आणि नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात मोलाचं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उंब्रजच्या पुढं रात्री अचानक समोर उभ्या राहतात. तिथं १४३ पीएस काही करत नाहीत. ब्रेक आणि उजेड करतात. खाली बसवलेल्या स्प्रिंगांचा विचार मीही केला होता. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे, त्यानं तो विचार पुसून टाकला.

३२०डीचा मोह मला कळतो. नवी २८-२९ लाखांची गाडी घसरत घसरत नीट ठेवलेल्या ऑक्टाव्हियाच्या भावाला येऊन टेकते. पण गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही; हेडलाइट, सस्पेन्शन, सेन्सर अजूनही त्या मूळ किमतीच्याच गाडीचे असतात. तिला रनफ्लॅट टायर आहेत. पंक्चर झालं तरी चालते, पण खड्ड्यात बाजू फुगली तर तसला टायर साताऱ्यात हाताशी मिळेल याचा भरवसा धरू नका. २०१५ च्या आधीच्या गाड्यांत एन४७ इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती कुरकुरायला लागली तर बदलायला गिअरबॉक्स नाहीतर इंजिन खाली उतरवावं लागतं. थंड इंजिन सुरू करताना मागून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर फोटो कितीही देखणे असू देत, किल्ली परत द्या. आणि सर्व्हिससाठी पुण्याचा एक दिवस धरून चाला. दुसरी गाडी घरात असेल आणि बँकेत तिच्यासाठी वेगळे पैसे ठेवलेले असतील, तर घ्या. तिच्यासारखी चालणारी या यादीत दुसरी नाही. एकुलती एक गाडी म्हणून, सकाळी आठला शिरवळच्या गेटवर हजेरी लावायची असताना, मी घेणार नाही.

अशा ३२०डी पुष्कळदा दिल्लीच्या निघतात. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या स्वस्तात इकडं आल्या. एनओसी, इथला रोड टॅक्स, एमएच-११ चा नंबर, हे सगळं भाव ठरायच्या आधी मोजा. "पासिंग करून देतो" हे एजंटाचं वाक्य किमतीत धरू नका.

व्हेंटो घ्यायचीच असेल तर मॅन्युअल घ्या आणि आहे तशी चालवा. तशी ती चांगली गाडी आहे, पार्ट मिळतात, गल्लीतल्या गॅरेजवाल्याचा हातही तिच्यावर बसलेला आहे. एक विचारा: २०१५ च्या उत्सर्जन प्रकरणानंतर फोक्सवॅगननं डिसेंबरमध्ये भारतात सुमारे ३.२३ लाख डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलासाठी परत बोलावल्या होत्या. तुमची त्यात येत असेल, तर तो बदल झाला का, आणि त्यावर नंतर कुणी रिमॅप चढवून पुन्हा "स्टॉक", म्हणजे मूळ सेटिंगवर, केलंय का.

भावाला मी ऑक्टाव्हिया मॅन्युअल सांगितली, न रिमॅप केलेली. रिमॅपला जे पैसे लागले असते ते टायमिंग बेल्टला, वॉटर पंपाला आणि टायरला लावायचे. डीएसजी आवडत असेल तर तीही चालेल, पण ऑइल दर ६० हजारांना बदलल्याची बिलं हवीत. नुसतं "बदललंय की" चालत नाही. त्याच्या पळण्याला ते ६० हजार वीस महिन्यांत होतात, म्हणजे हा खर्च नेमानं येणार.

गेल्या रविवारी आम्ही एक बघून आलो. मीटरवर ६२ हजार. मी खाली वाकून क्लचचं पेडल बघितलं. रबराच्या रेघा उजव्या कडेला पूर्ण सपाट, मधे धातू चमकतोय. स्टिअरिंगचं कातडं वरच्या बाजूला गुळगुळीत. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपचा क्लिप सोडवून आत बोट फिरवलं तर बोट पेरापर्यंत तेलानं काळं. एवढंसं तेल चालतं, एवढं नाही. मालक म्हणाला, "एक्सप्रेसवेचीच गाडी आहे, साहेब." मी बोट पुसलं, चहा घेतला आणि निघालो. भावाचं तोंड परतीच्या वाटेवर आणेवाडीच्या टोलपर्यंत उतरलेलं होतं.

येत्या रविवारी कराडला दुसरी आहे, २०१६ ची, मॅन्युअल, बिलांची फाइल आहे म्हणतात. सकाळी सातला पोचतो असं कळवलंय. मालकाला एवढंच सांगितलंय, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करून ठेवू नका.