एका शब्दावर पारखलेला व्युत्पत्तिकोश

कोशाची परीक्षा घ्यायची असेल तर अगदी अनोळखी शब्द घेऊ नये. अर्थ ठाऊक असलेला, पण रोजच्या वापरातून गेलेला शब्द घ्यावा, असे माझे मत आहे. डग्लस हार्पर यांनी संकलित केलेल्या ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ या विनामूल्य संकेतस्थळासाठी मी ‘टायडिंग्ज’ हा शब्द निवडला. बातमी, वार्ता हा त्याचा अर्थ. मात्र आज तो नाताळची गीते, शुभेच्छापत्रे आणि मुद्दाम जुन्या वळणाने लिहिलेले गद्य यांपुरताच उरला आहे.

नोंद मोजक्या ओळींची आहे, पण तिच्यात एकही शब्द वाया गेलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘टीडान’ म्हणजे घडणे. त्यावरून ‘टीडुंग’ म्हणजे घडलेली गोष्ट, आणि मग त्या गोष्टीची खबर. याच अर्थाचा ‘टीदिंदी’ हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतही होता, त्यामुळे इंग्रजी शब्द निव्वळ घरचा, की त्याच्या घडणीत उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या भाषेचाही वाटा आहे, हा प्रश्न उरतो. कोशाने एकच उत्तर ठासून न सांगता दोन्ही शक्यता मांडल्या आहेत, आणि हा संयम मला विशेष आवडला. जर्मनमधला ‘त्साइटुंग’ हा याच कुळातला शब्द. तो आधी बातमीला लावत आणि पुढे बातमीपत्रालाच चिकटला.

खरी गंमत मात्र नोंदीतील दुव्यांत आहे. ‘टाइड’ म्हणजे आज भरती-ओहोटी, पण मूळ अर्थ वेळ, काळ. समुद्राचा संबंध चौदाव्या शतकात आला. ‘टायडी’ म्हणजे नीटनेटका, तो पूर्वी ‘वेळच्या वेळी होणारा’ असा होता. आणखी मागे गेले की ‘विभागणे’ या अर्थाचे, डोक्यावर तारा लावलेले, म्हणजे कोणत्याही लेखात न सापडलेले, इंग्रजी, ग्रीक, संस्कृत अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेतले, केवळ तुलनेने सिद्ध केलेले धातुरूप येते, आणि त्याखाली ‘टाइम’, ‘डेमन’, ‘डेमॉक्रसी’ व ‘एपिडेमिक’ अशी मंडळी एका पंगतीत बसलेली दिसतात. तिथेच संस्कृतमधले ‘दाति’, म्हणजे कापतो, हेही आहे. दोन मिनिटांसाठी उघडलेल्या पानावर माझा तासभर गेला, तो इथेच.

मराठी वाचकाला या नोंदीत आणखी एक धागा सापडतो, जो कोशात अर्थातच नाही. ‘वृत्त’, ‘वार्ता’ आणि ‘वर्तमान’ हे तिन्ही शब्द ‘वृत्’ म्हणजे असणे, घडणे या धातूचे. 1611 च्या किंग जेम्स बायबलात देवदूत मेंढपाळांना ‘गुड टायडिंग्ज’ सांगतो. मराठी ख्रिस्ती साहित्यात ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ हे शब्द रुळले, म्हणजे दोन्हीकडे बातमीचे नाव घडण्यावरूनच पडले. उलट ‘न्यूज’ हे ‘न्यू’चे अनेकवचन, त्यात जोर नवेपणावर. (चार दिशांच्या आद्याक्षरांवरून तो शब्द बनला, ही लोकप्रिय कथा निखालस खोटी आहे.)

मर्यादा सांगायच्या तर हा केवळ व्युत्पत्तिकोश आहे. ‘टायडिंग्ज’ आज कुठे शोभेल आणि कुठे हास्यास्पद वाटेल, हे तो शिकवणार नाही. शतकाशतकांची सनवार अवतरणे हवी असतील तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडेच वळावे लागते. नोंदींतील संक्षेपांची सवय होईपर्यंत नवख्या वाचकाला थोडे अडखळायला होते. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असे मानणाऱ्याने तर इथे जपूनच वावरावे, नाहीतर ‘टायडी’ म्हणजे वक्तशीर, असे सांगत तो फिरेल.