कच्ची कड, दुमडलेली कड की जाळीखालच्या कतरणी? निसर्गचित्राच्या क्विल्टसाठी काय निवडाल

माझ्या शिलाई मशीनच्या वर भिंतीला तीन तुकडे टाचलेले आहेत. तिन्हींवर एकच पान आहे: देठाशी रुंद, टोकाला निमुळतं, एका बाजूने किड्याने खाल्लेलं. पहिलं इस्त्रीने चिकटवून कड तशीच कच्ची ठेवलेलं, दुसरं कड आत दुमडून शिवलेलं, तिसरं बारीक कतरणींचं, वर नेट पसरून टिपलेलं. आधी कोणती पद्धत शिकू, असं कुणी विचारलं की मी काही न बोलता हे तीन तुकडे हातात देते. बहुतेकांचं बोट किड्याने खाल्लेल्या त्या खाचेवर जातं, आणि फरक खरा तिथेच आहे.

कच्ची कड

लवकर हाती येते ती हीच. फ्युजिबल म्हणजे कागदावर बसवलेला कोरडा गोंद. इस्त्रीच्या उष्णतेने वितळून तो दोन कापडं जोडतो. कागदावर आकार काढायचा, कापडाच्या उलट बाजूला चिकटवायचा, कापायचा, कागद सोलून जागेवर ठेवायचा आणि पुन्हा इस्त्री फिरवायची. गोची एकच, कागदावरचं चित्र कापडावर आरशातल्यासारखं उलटं येतं. माझा पहिला बगळा असाच तळ्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि अजून तसाच आहे.

कात्री जिथे जाईल तो आकार इथे मिळतो. नेच्याचे दाते, वाळक्या पानाची फाटकी किनार, ती खाच, सगळं हुबेहूब. बदल्यात धागे सुटतात. बाटिकसारखं घट्ट विणीचं कापड घेतलं तर फारच कमी. सैल विणीचं लिनन घेतलं तर पानाला दाढी फुटते. (झाडाच्या सालीला हीच दाढी शोभते, तेव्हा तिथे मुद्दाम लिनन घ्या.) कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आतून टीप मारली की कड बऱ्यापैकी धरून राहते, पण वरचेवर धुण्याच्या कामाला हे क्विल्ट नाही. ते भिंतीवरच बरं.

दुसरी तक्रार कडकपणाची. तीन-चार थर एकावर एक चिकटवले की पुठ्ठा होतो, सुईला गोंद लागतो आणि टाके गळू लागतात. म्हणून मोठ्या आकारांत मी फ्युजिबलचा मधला भाग कापून टाकते आणि कडेलगत सेंटीमीटरभर पट्टीच ठेवते.

दुमडलेली कड

आकाराभोवती पाच-सहा मिलिमीटर कापड जादा ठेवायचं, वळणावर चिरा द्यायच्या, आत दुमडायचं, मग हाताने किंवा बारीक टीप मारून बसवायचं. वेळखाऊ काम. माझ्या नमुन्यात किड्याची खाच गुळगुळीत खळगा झाली आणि टोक बोथट. पण डोंगराच्या रांगा, नदीतले गोटे, पूर्ण चंद्र यांची कड मुळातच सलग असते. तिथे याच्यासारखी सफाई दुसरीला नाही. अंगावर घ्यायचं, धुवायचं क्विल्ट असेल तर विचारही करू नका, हीच घ्या.

जाळीखालच्या कतरणी

दूरची झाडी, शेवाळ, फुलांनी भरलेलं माळरान यांना कडच नसते. त्यांच्यासाठी चार-पाच रंगांच्या कतरणी अगदी बारीक चिरून पार्श्वभूमीवर भुरभुरवायच्या, वर नेट ताणून टाचण्या लावायच्या आणि आडवंतिडवं टिपत सुटायचं. चित्र काढता येत नाही म्हणणाऱ्यांना इथे धीर येतो. नेट काळी किंवा गडद घ्या, ती दिसेनाशी होते; पांढरी घेतली तर सगळ्यावर धुकं चढतं. नायलॉनची नेट गरम इस्त्रीला चिकटून वितळते. आणि टाचण्या लावून होईपर्यंत पंखा बंद ठेवा. एकदा मला शिंक आली आणि अर्धं माळरान आकाशात गेलं.

मशीनवर काय फरक पडतो

पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीला फ्री मोशन यावंच लागतं: फीड डॉग म्हणजे कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते खाली, मोकळा पाय, आणि कापड आपल्या हातांनी फिरवायचं. आता टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, हात ठरवतो. वळणावर हात झटकन ओढला की मागच्या बाजूला वरचा धागा पापण्यांसारखा ताणलेला दिसतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस चिंध्यांवरच काढा. सुई ९०/१४ची, आणि शिरा उठून दिसायला हव्यात तर ४० नंबरचा धागा. ५० नंबरचा त्याहून बारीक, तो पार्श्वभूमीत मिसळतो.

दुमडलेल्या कडेला साधी टीप चालते, मात्र तिथे आधी चित्र पूर्ण शिवायचं आणि नंतर बॅटिंग म्हणजे मधला मऊ थर व अस्तर जोडून पुन्हा टिपायचं, असं दुहेरी काम असतं. कच्च्या कडेत तिन्ही थर एकत्र धरून एकाच फेरीत कडही बसते आणि क्विल्टही टिपलं जातं.

कतरणींना दाट टिपावं लागतं, आणि दाट टिपलं की कापड आकसतं. झाडी दाट आणि आकाश कोरं ठेवलंत तर आकाशाला झोल येतो; तिथेही वाऱ्याच्या चार रेघा ओढाव्याच लागतात. चारी बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर जास्त ठेवा आणि सगळं टिपून झाल्यावरच काटकोनात कापा.

मी स्वतः एकाच चित्रात तिन्ही वापरते. मागे दुमडलेले डोंगर, मग कतरणींची झाडी आणि नेट. पुढचं एखादं पान त्यानंतर, कारण नेटवर इस्त्री फिरवता येत नाही. ते पान वेगळं करून ठेवते, दोन कापडं पाठीला पाठ लावून चिकटवलेलं, आणि फक्त मधल्या शिरेवर टीप मारून बसवते. कडा मोकळ्या राहतात, टोक जरा उचललेलं.