कोपरखैरणेचा रोबोटिक्स वीकेंड क्लास – पैसे वसूल, पण लायडार अजून एक घ्या

रबाळे एमआयडीसीत नोकरी, त्यात घरी वर्षभर एक छोटा रोबोट बनवत होतो. मोटर, कॅमेरा, रस्ता शोधणं सगळं कोडच्या एकाच फाईलमध्ये, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या एकाच लूपमध्ये, त्यामुळे कॅमेऱ्याची फ्रेम अडकली की मोटर जुन्याच कमांडवर पळत राहायची आणि गाडी थेट कपाटावर. म्हणून हा क्लास लावला, सहा शनिवार-रविवार.

पहिल्या दिवशी सरांनी लॅपटॉप उघडूच दिले नाहीत. फळ्यावर तीन लेयर काढले. खाली मोटर आणि एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा), हा लूप सेकंदाला 100 वेळा तरी फिरलाच पाहिजे. मधे कामाचा क्रम बघणारा, म्हणजे दार अडलं तर थांब, परत ट्राय कर. सगळ्यात वर नकाशा बघून रस्ता ठरवणारा प्लॅनर, त्याला दोन सेकंद लागले तरी चालतं. सर ठाण्याचे, त्यामुळे समजावलं पण दहीहंडीवरूनच, खालच्या थराने मान खाली घालून उभं राहायचं, वर कोण चढलंय ते बघायचं नाही.

मग चालत्या रोबोटची रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरकडून येणारी यूएसबी केबल त्यांनी सरळ उपटली. गाडी वीतभर पुढे सरकली आणि उभी राहिली. अर्धा सेकंद वरून कमांड आली नाही तर मोटर बंद, हे खालच्या कंट्रोलरमध्येच लिहिलेलं होतं. खरं सांगतो, माझं वर्ष कुठे वाया गेलं ते तिथे कळलं. रोबोटिक्सचे संशोधक रॉडनी ब्रूक्स यांनी 1986 मध्ये मांडलेली लेयरची कल्पनाही तेव्हा डोक्यात शिरली, वरचा लेयर गप्प बसला तरी खालच्याने आपलं काम सोडायचं नाही.

चौथ्या आठवड्यात मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं बोर्ड) बदलायला लावला, फक्त हार्डवेअरची फाईल बदलली, नॅव्हिगेशनच्या कोडला हातही लागला नाही. घरच्या गाडीचा कोड आता मी तसाच लेयरमध्ये फोडून परत लिहितोय.

तक्रारी आहेत. 14 जणांत एकच लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), नंबर लागेपर्यंत दुपार होते. रॉस 2 हे रोबोटचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात एक अख्खा शनिवार गेला, उबुंटू ऑपरेटिंग सिस्टिमसकट तयार पेनड्राइव्ह आधीच दिला असता तर बरं झालं असतं.

पायथॉन बऱ्यापैकी येत असेल तरच जा, लूप आणि फंक्शन तिथे कोणी शिकवत नाही. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्सहार्बर पकडा, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते.