डिशवॉशर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? बावधन आणि कोथरूड, दोन घरांतला अनुभव

पुण्यात आमच्या दोन घरांत दोन डिशवॉशर चालू आहेत. बावधनला आमच्याकडे गेल्या दिवाळीच्या आधी घेतलेला नवा, १४ प्लेस सेटिंगचा, म्हणजे चौदा जणांच्या ताट-वाट्या मावतील एवढा. कोथरूडला आईकडे जुना, १२ सेटिंगचा, ड्रेन पंप बदलून चालू ठेवलेला. बावधनला आधी जो होता, तो आईच्याच मॉडेलचा होता आणि दोन्ही २०१६ मध्ये एकत्रच घेतले होते. एक भंगारात गेला, दुसरा आजही रोज रात्री चालतो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत नवा आणि जुना दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्यासारखे वापरून माझं मत पक्कं झालंय. दुरुस्ती की नवा, हे मशिनच्या वयावर ठरवू नका. नेमका कोणता भाग गेलाय आणि घरात पाणी कोणतं येतं, यावर ठरवा. बिघाडांच्या बाबतीत कंपनीचं नाव लिहीत नाही. मला बोलायचंय ते मशिनच्या रचनेबद्दल.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. कोथरूडला खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. देखभालीसाठी एखाद्या गुरुवारी बंद, शुक्रवारी कमी दाबानं, पण पाणी मऊ. बावधनला आमच्या सोसायटीत थोडं महापालिकेचं, थोडं बोअरचं आणि उन्हाळा चढला की टँकर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बाथरूमच्या नळांवर जो पांढरा थर बसतो, तोच डिशवॉशरच्या आत हीटरवर बसतो, फक्त तिथे तो आपल्याला दिसत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा विषय निघाला की लोक टीडीएस मीटरचा आकडा टाकतात. डिशवॉशरसाठी तो आकडा पुरेसा नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळं मिळून. त्यात जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, किती हे त्यातून कळत नाही. सॉफ्टनरमधून, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून काढलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, पण क्षार बसायचे थांबतात. त्यामुळे जडपणा मोजायची पट्टी किंवा थेंबांचं किट वापरा. बहुतेक मशिनच्या पुस्तिकेत जडपणा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. किटचा आकडा १७.८ नं भागायचा आणि येईल त्याप्रमाणे मशिनमधला सॉफ्टनर लावायचा. आमचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून मी टँकर सुरू झाले की पुन्हा मोजते आणि सेटिंग वाढवते. सोसायटीत मोठा सॉफ्टनर प्लांट असेल तर उलट काळजी घ्या. आधीच मऊ झालेल्या पाण्यावर मशिनचंही सेटिंग चढं ठेवलं, तर काचेचे ग्लास हळूहळू धुरकट होतात आणि ते कायमचं असतं.

मशिनमधल्या सॉफ्टनरच्या टाकीत मीठ घालावं लागतं. ते डिशवॉशरचंच घ्या, जाड खड्यांचं. घरातलं बारीक आयोडीनयुक्त मीठ त्या टाकीत घालू नका. ते गोळा होऊन बसतं.

आता बिघाड. बावधनच्या जुन्या मशिनमध्ये आधी भांडी तेलकट राहायला लागली, डिटर्जंटची टॅब्लेट अर्धवट विरघळून तशीच सापडायची. याचा अर्थ पाणी तापत नव्हतं. पुढे तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलं, तिथला फ्लोट उचलला गेला आणि मशिननं पाणी घेणंच बंद केलं. हा फ्लोट चांगली सोय आहे, स्वयंपाकघरात पूर येऊ देत नाही. पण तो उचलला गेला म्हणजे आत कुठेतरी गळतंय. उघडल्यावर तीन गोष्टी निघाल्या: हीटरवर क्षारांचा जाड थर बसून तो गेलेला, सम्पचं, म्हणजे तळाशी पाणी जमा होतं त्या भागाचं, सील गळतंय आणि कंट्रोल बोर्डवरचा हीटर चालू-बंद करणारा रिले जळलेला.

इथे रचनेतला एक मुद्दा समजून घ्यायला हवा. पूर्वीच्या मशिनमध्ये हीटर वेगळा असायचा. तो गेला तर तेवढाच बदलायचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बऱ्याच मशिनमध्ये हीटर आणि पाणी फिरवणारा पंप एकाच तुकड्यात असतात. त्यानं जागा वाचते, पाणी लवकर तापतं, पाणी कमी लागतं. पण हीटर गेला की चांगला चालणारा पंपही फेकायचा. आमच्याकडे पंप-हीटर, सील आणि बोर्ड मिळून खर्च नव्या मशिनच्या निम्म्याच्या पुढे जात होता, आणि तेच जड पाणी पुन्हा त्याच जुन्या पाइपांतून जाणार होतं. म्हणून तो काढला.

आईच्या मशिनचं दुखणं वेगळं होतं. पाणी बाहेर जात नव्हतं. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं मशिन न उघडताच सांगितलं, "काकू, इतकी वर्षं झाली, आता नवीनच घ्या." मला हे फार खटकलं. पंच्याहत्तरीच्या बाईला, जिचं मशिन उत्तम धुतंय, तिला एका झाकणाखाली काय आहे हे न बघता हजारो रुपयांचा खर्च सांगायचा? ओळखीच्या दुसऱ्या टेक्निशियनला बोलावलं. त्यानं प्लग काढला, तळाचं फिल्टर काढलं, खालचं पाणी स्पंजनं टिपलं आणि ड्रेन पंपावरचं छोटं झाकण उचललं. आत फुटलेल्या बरणीच्या काचेचा तुकडा आणि पंपाच्या फिरकीची तुटलेली पाती. पंप नवा घातला आणि मशिन चालू. हीटर बघितला तर जवळपास स्वच्छ. तेच मॉडेल, तीच वर्षं. फरक फक्त धरणाच्या आणि टँकरच्या पाण्याचा.

म्हणून माझा हिशेब असा. ड्रेन पंप, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, दाराचं रबर, दाराच्या दोऱ्या-स्प्रिंग, रॅकची चाकं, स्प्रे आर्म यांपैकी काही गेलं असेल तर दहा वर्षांचं मशिनही दुरुस्त करा, डोळे मिटून. फक्त हीटर-पंप गेला असेल, पाणी मऊ असेल आणि बाकी आतून ठीक असेल, तरीही दुरुस्तीच करा. पण हीटर-पंप आणि बोर्ड दोन्ही, किंवा टबलाच गंज, किंवा सम्पमधून गळती, अशी वेळ आली की दुरुस्ती सोडा, नवा घ्या. आणि काहीही ठरवण्याआधी मशिन उघडून दाखवायला सांगा. भांडी नीट निघत नाहीत एवढीच तक्रार असेल तर आधी स्प्रे आर्म काढून भोकं टूथपिकनं साफ करा. मोहरी आणि कढीपत्त्याचे तुकडे तिथे अडकतात, आणि आपल्या फोडणीच्या स्वयंपाकात ते होणारच. मग रिकाम्या मशिनमध्ये क्षार काढणारं डिस्केलर घालून गरम प्रोग्रॅम चालवा.

आता नव्याबद्दल. सगळ्यात मोठा बदल वाळवण्यात आहे. जुनं मशिन शेवटचं पाणी खूप तापवायचं आणि मग वाफ स्टीलच्या भिंतींवर थंड होऊन उतरायची. चिनी मातीच्या जाड प्लेटा त्यात छान वाळतात, कारण त्या उष्णता धरून ठेवतात. आपल्या पातळ स्टीलच्या वाट्या लगेच थंड होतात आणि त्यांच्या बुडाशी, काठाशी पाणी राहतं. प्लास्टिकच्या डब्यांचं तर विचारूच नका. नव्यात शेवटी दार आपोआप थोडं उघडतं आणि वाफ बाहेर जाते. फरक खरोखर मोठा आहे. सकाळी वाट्या पुसाव्या लागत नाहीत, डब्यांना मात्र अजूनही एक हात फिरवावा लागतो. पण ओट्याखाली मशिन बसवत असाल तर वर प्लायवूड आहे का बघा. रोजच्या वाफेनं लॅमिनेट फुगतं. मशिनसोबत येणारी वाफरोधक पट्टी लावून घ्या. आणि ज्या घरात झुरळांचा त्रास आहे तिथे रात्रभर उघडं राहणारं दार मला नको वाटेल.

दुसरा पर्याय झिओलाइटचा. बॉश आणि सीमेन्सच्या काही मॉडेल्समध्ये तळाशी या खनिजाचे खडे असतात. ते ओलावा शोषताना उष्णता सोडतात, त्यानं भांडी कोरडी होतात. पुढच्या धुण्यात ते खडे तापवून पुन्हा कोरडे केले जातात. दार बंद राहतं आणि प्लास्टिकही चांगलं वाळतं. ही मशिन महाग आहेत. बजेट असेल आणि मशिन लाकडी कपाटात बंदिस्त बसणार असेल, तर मी याच रचनेकडे वळले असते.

तिसरा ट्रे, म्हणजे चमच्यांसाठीचा वरचा उथळ कप्पा. दुकानात हा फार आकर्षक दिसतो. चमचे, डाव, उलथणं, सुऱ्या खरंच जास्त स्वच्छ निघतात. पण त्यानं उंची खाल्ली जाते. आमचं मोठं ताट खालच्या रॅकमध्ये उभं केलं की वरच्या स्प्रे आर्मला अडतं. वरचा रॅक उचलावा तर मग त्यात उंच पेले बसत नाहीत. जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा तारांचे कप्पे प्लेट, कप, बशी यांच्या मापानं बनवले होते. रॅकची कल्पना आजही तीच आहे आणि '१४ प्लेस सेटिंग' हे मापही युरोपीय जेवणाच्या टेबलावरचं आहे. त्यात पातेलं नाही, कढई नाही, कुकर नाही. म्हणून दुकानात जाताना घरातलं सगळ्यात मोठं ताट आणि रोजची कढई पिशवीत घालून न्या, आणि रॅकमध्ये लावून बघा. विक्रेता काही म्हणत नाही. खालच्या रॅकचे दात आडवे पडतात का, हे १२ की १४ सेटिंग यापेक्षा महत्त्वाचं आहे.

धुण्याच्या बाबतीत नवा-जुना फरक मला वाटला होता तेवढा नाही. इको प्रोग्रॅम दोन्हीकडे ५० अंशांच्या आसपास, तीनेक तास चालणारा. लोक वेळ बघून घाबरतात, पण पाणी कमी तापवायचं असेल तर वेळ द्यावाच लागतो. डिटर्जंटमधली एन्झाइम तेवढ्या वेळात भाताचा स्टार्च आणि दुधाची साय सोडवतात. नव्यात साधारण दहा लिटर पाणी आणि एका युनिटच्या आसपास वीज लागते. नळाखाली घासून-विसळून हे पाणी पुरणार नाही. भांडी आधी विसळू नका, फक्त खरकटं काढून टाका; ऑटो प्रोग्रॅममध्ये पाण्याचा गढूळपणा बघून मशिन किती धुवायचं ते ठरवतं. करपलेल्या कढईला ७० अंशांचा प्रोग्रॅम लागतो, आणि तोही जुन्या मशिनमध्ये होताच. तांबटआळीतून आणलेली तांब्या-पितळेची भांडी, बिडाचा तवा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर यांना दोन्ही मशिनपासून लांब ठेवा. अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. आवाज नव्याचा खूपच कमी. वायफाय मी वापरत नाही.

किमतीचं एक सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नव्याचं पारडं थोडं जड झालं हे खरं, पण आईच्या ड्रेन पंपासारख्या दुरुस्तीपुढे ते अजूनही कुठेच नाही.

घेताना मी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारत होते: हीटर-पंप आणि बोर्ड किती वर्षं मिळेल, आणि लेखी द्याल का? युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून नियम आहे की पंप, मोटर, हीटर यांसारखे भाग किमान सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत आणि दाराचं रबर, रॅक, स्प्रे आर्म असे भाग ग्राहकालाही दहा वर्षं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. तिथे आपल्या कंपनीचं नाव आहे का आणि सुट्या भागांबद्दल काय लिहिलंय, ते बघून घ्या. मला एका दुकानात ई-मेलवर उत्तर मिळालं, तिथूनच घेतलं.

जुनं मशिन एक्स्चेंजमध्ये द्यायची घाई करू नका. आम्ही भंगारात देण्याआधी त्याचे दोन्ही रॅक, स्प्रे आर्म, ड्रेन पंप, दाराचं रबर आणि पाणी घेणारा व्हॉल्व्ह त्या टेक्निशियनकडून काढून घेतले. वरच्या रॅकची चाकं आईच्या मशिनला लागलीसुद्धा. बाकीचे भाग आईच्या माळ्यावर आहेत, खोक्यावर मॉडेल नंबर लिहून.